पुन्हा सांगितलेली ‘ओडिसी’ : विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून कोण गळते?

इसवी सनाच्या चौथ्या शतकात अँटिऑक शहरात लिबेनियस नावाचा एक नामांकित वक्तृत्वशिक्षक होता. त्याच्या नावावरचे सरावपाठ आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका प्रकारात विद्यार्थ्याला एखादे पात्र आणि एखादा प्रसंग दिला जाई, आणि त्या क्षणी ते पात्र काय बोलले असते ते लिहायचे असे. ग्रीक भाषेत या पाठाला ‘एथॉपोइया’ म्हणत. लिबेनियसच्या संग्रहात सायक्लॉप्सच्या गुहेत कोंडला गेलेला ओडिसिअस आहे. त्याच्या डोळ्यांदेखत सोबती खाल्ले जात आहेत. बोला, आता तो काय म्हणेल? त्याआधी तीन शतके रोमच्या क्विंटिलियनने शिक्षणाचा क्रम सांगताना वाचनाची सुरुवात होमर आणि व्हर्जिलपासून करावी असे म्हटले होते, आणि कवीचे पद्य मोडून आपल्या शब्दांत गद्यात सांगण्याचा सरावही सुचवला होता. याच अभ्यासक्रमात खंडन-मंडनाचाही पाठ असे. पुराणकथेतला एखादा प्रसंग घ्यायचा आणि तो संभवत नाही हे युक्तिवादाने दाखवायचे. मग उलट बाजूने तोच प्रसंग संभवतो हे सिद्ध करायचे.

अमेरिकेतल्या शाळांमधून नववीच्या सुमारास ‘ओडिसी’ शिकवली जाते आणि शेवटी ‘सर्जनशील प्रकल्प’ मागितला जातो. ही आधुनिक अध्यापनशास्त्राची देणगी आहे असे समजण्याचे कारण नाही. होमर पुन्हा सांगायला लावणे हा पाश्चात्त्य शिक्षणातला सर्वांत जुन्या गृहपाठांपैकी एक आहे. जुन्या पाठात आणि नव्या प्रकल्पात मात्र एक फरक पडला आहे. तो फरक कोणता आणि त्याने काय हरवते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

साचे

गेली काही वर्षे मी असे प्रकल्प हौसेने पाहत, वाचत, ऐकत आलो आहे. त्यांचे काही साचे ठरून गेलेले आहेत. ओडिसिअसची रोजनिशी. इथाकाचे वर्तमानपत्र. प्रवासाचा नकाशा. सापशिडीच्या धर्तीवरचा पटावरचा खेळ. चित्रकथा. आजच्या काळात आणलेली गोष्ट, ज्यात युद्धावरून घरी परतणारा सैनिक विमानतळामागून विमानतळ चुकत जातो. ओडिसिअसवरचा खटला. आणि गाणी. यांतले पुष्कळसे काम मनापासून केलेले असते. पुठ्ठ्याचा सायक्लॉप्स रंगवणाऱ्या मुलाला त्या गोष्टीची गोडी लागलेली असते, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

नकाशाचेच पाहा. या भटकंतीचा नकाशा काढण्याची हौस प्राचीन आहे आणि तिची थट्टाही तितकीच प्राचीन आहे. वाऱ्यांचा देव इओलस ओडिसिअसला वारे एका चामड्याच्या पिशवीत बांधून देतो. ती पिशवी शिवणारा चांभार सापडला, की ओडिसिअस कुठे कुठे फिरला तेही सापडेल, अशा अर्थाचे एरॅटोस्थेनिसचे विधान स्ट्रेबोने नोंदवून ठेवले आहे. पृथ्वीचा परीघ मोजणारा हा माणूस. नकाशा कशाचा निघतो आणि कशाचा निघत नाही, हे त्याला चांगले कळत होते.

यामागे एक गंभीर मुद्दा आहे. सायक्लॉप्स, सर्सी, सायरन, सिला ही सारी प्रसिद्ध साहसे चोवीस सर्गांपैकी नवव्या ते बाराव्या सर्गात येतात. ती कवी सांगत नाही, स्वतः ओडिसिअस सांगतो. फिएशियन लोकांच्या राजवाड्यात, राजा अल्सिनोअस आणि राणी आरीटी यांच्यासमोर, जेवणानंतर. ऐकणारे परके आहेत. त्यांच्याकडून त्याला घरी जायला जहाज हवे आहे. अकराव्या सर्गात मृतांच्या लोकाची हकिगत ऐन रंगात आली असताना तो थांबतो, झोपायची वेळ झाली म्हणतो. राणी लगेच पाहुण्याला आणखी भेटी द्या असे सुचवते. ओडिसिअस उत्तर देतो की चांगल्या भेटी मिळणार असतील तर मी वर्षभरही राहीन. भरल्या हाताने घरी गेलेल्या माणसाला मान अधिक मिळतो. राजा म्हणतो, तू लबाड दिसत नाहीस, एखाद्या गायकाच्या कौशल्याने सांगतोस. मग गोष्ट पुढे सुरू होते.

हाच माणूस इथाकात पाऊल टाकल्यावर एकामागून एक बनावट आत्मकथा सांगतो. अथीनाला एक, डुकरे राखणाऱ्या युमिअसला दुसरी, पेनेलोपीला तिसरी, शेवटी म्हाताऱ्या बापालाही एक. प्रत्येक गोष्ट समोरच्या माणसाकडून काय हवे आहे ते पाहून बेतलेली. अशा माणसाने राजवाड्यात सांगितलेली साहसे खोटी आहेत असे होमर कुठेही म्हणत नाही. ती त्याने सांगितली आहेत, एवढे मात्र तो विसरू देत नाही.

रोजनिशीचा प्रकल्प मला फसलेला वाटतो तो याच कारणाने. रोजनिशी माणूस एकांतात, स्वतःसाठी लिहितो. होमरचा ओडिसिअस साहसांची गोष्ट एकांतात सांगतच नाही. त्याच्या प्रत्येक कथनाला श्रोता आहे आणि प्रत्येक कथनामागे एक गरज आहे. श्रोता काढून टाकला की गोष्टीचा ताण जातो आणि उरते ती राक्षसांची यादी. पटावरच्या खेळात ती यादी घरे बनते, नकाशात ठिपके बनते.

लॅमची सरळ रेघ

हे सरळीकरण मुलांनी शोधलेले नाही. चार्ल्स लॅमचे ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ युलिसिस’ १८०८ साली निघाले. चॅपमनच्या जुन्या पद्यानुवादावरून लॅमने मुलांसाठी गद्य रचले. टेलेमाकसचे पहिले चार सर्ग त्याने बाजूला ठेवले, ओडिसिअसने सांगितलेली हकिगत तृतीयपुरुषी केली आणि ट्रॉयहून निघाल्यापासून क्रमाने मांडली. प्रकाशक होता विल्यम गॉडविन. सायक्लॉप्सच्या ओकारीचे किळसवाणे वर्णन सौम्य करा असा आग्रह त्याने धरला आणि लॅमने काही अंशी तो मानला. शाळेसाठी ‘ओडिसी’ कशी कापायची याचा नमुना इथे तयार झाला : काळ सरळ करा, निवेदक पुसा, किळस कमी करा.

तरीही या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. डब्लिनच्या बेल्व्हेडिअर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला ते परीक्षेसाठी नेमलेले होते. पुढे ‘माझा आवडता नायक’ हा निबंधाचा विषय आला तेव्हा त्याने युलिसिसवर लिहिले. तो मुलगा जेम्स जॉइस. १९२२ साली त्याची ‘युलिसिस’ प्रसिद्ध झाली, तिची मुळे तो स्वतः या शालेय वाचनापर्यंत नेत असे. पुढे झुरिकमध्ये मित्रांशी बोलताना हा नायक मुलगा, बाप, नवरा, प्रियकर, मित्र असा सर्व बाजूंनी पुरा माणूस आहे, असे तो सांगे. लॅमने गाळलेला टेलेमाकस जॉइसने परत आणला आणि कादंबरीचे पहिले तीन भाग त्यालाच, म्हणजे स्टीफनला, दिले. चांगला विद्यार्थी क्रमिक पुस्तकातून काय गळले आहे ते शोधतो, याचे याहून मोठे उदाहरण माझ्यासमोर नाही.

या टेलेमाकसकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे दुर्लक्ष व्हावे ही मोठी गंमत आहे, कारण ‘ओडिसी’तला विद्यार्थी तोच आहे. वय विशीच्या आसपास. बापाचा चेहरा आठवत नाही. घरात बसून कुढणाऱ्या या पोराला अथीना वडीलधाऱ्या माणसाचे रूप घेऊन प्रवासाला पाठवते. पायलॉसला म्हातारा नेस्टर आणि स्पार्टाला मेनेलाउस यांच्याकडून तो बापाच्या पिढीच्या गोष्टी ऐकतो. ऐकलेल्या गोष्टींतून बाप जुळवायचा, हा त्याचा प्रकल्प. फ्रान्समध्ये फेनेलाँने राजाच्या नातवाला शिकवताना नेमके हेच हेरले. १६९९ साली बाहेर आलेले त्याचे ‘तेलेमाक’ म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी रचलेला टेलेमाकसचा वाढवलेला प्रवास. चांगला राजा कसा असावा याचे ते पाठ होते, आणि चौदाव्या लुईवरची टीका म्हणूनच ते वाचले गेले. पुन्हा सांगणे हे निरुपद्रवी काम नसते, हे त्या दरबाराला कळले होते.

बारा जणी

आता गळतीच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन प्रसंग शालेय प्रकल्पांत क्वचितच आढळतात. पहिला नवव्या सर्गाच्या आरंभीचा. ट्रॉय सोडल्यावर ओडिसिअसचा पहिला मुक्काम इस्मारसला होतो. तिथे राक्षस नाही, जादूगारीण नाही. सिकोनियन लोकांचे गाव आहे. ओडिसिअस ते लुटतो, पुरुषांना मारतो, बायका आणि मालमत्ता वाटून घेतो. हे तो स्वतःच चारदोन ओळींत, कसलाही संकोच न बाळगता सांगतो. आधीच्याच सर्गात डेमोडोकस या गायकाने ट्रॉयच्या पाडावाचे गाणे म्हटल्यावर ओडिसिअस रडतो, आणि त्याच्या रडण्याला होमरने दिलेली उपमा अशी आहे की एखाद्या पडत्या नगरातली बाई मरत्या नवऱ्यावर पडून आक्रोश करते आहे आणि मागून सैनिक तिला भाले टोचत गुलामीत हाकत आहेत. जिंकणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी कवीने जिंकल्या गेलेल्या बाईचे ठरवले. त्यानंतर काही पानांतच इस्मारस येते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी अर्धी ‘ओडिसी’ शिकला असे मी म्हणेन. बहुतेक प्रकल्प मात्र कमळ खाणाऱ्यांपासून सुरू होतात.

दुसरा प्रसंग बाविसाव्या सर्गाचा. एकशे आठ मागणीदारांचा फडशा पाडल्यावर ओडिसिअस युरिक्लियाला विचारतो, घरातल्या दासींपैकी बेइमान कोण? पन्नासांपैकी बारा, असे ती सांगते. त्या बाराजणींना आधी प्रेते उचलायला लावतात, मेजे धुवायला लावतात. मग ओडिसिअसने तलवारीने मारायला सांगितले असतानाही टेलेमाकस त्यांना साधे मरण नको म्हणतो आणि जहाजाच्या दोरावर सगळ्यांना ओळीने फाशी देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा इथे येते. पाय थोडा वेळ झटकले जातात, फार वेळ नाही.

याच सर्गाच्या सुरुवातीला ओडिसिअसने मागणीदारांवर जे आरोप ठेवले, त्यांत माझ्या दासींना तुम्ही बळजबरीने भोगलेत असाही आरोप आहे. म्हणजे पुरुषांना शिक्षा देताना ती बळजबरी होती, आणि बायकांना शिक्षा देताना तीच बेइमानी झाली. त्यांतल्या काहीजणी हसतखेळत गेल्या असेही काव्यात आहे. पण दासीच्या ‘हो’ला किती अर्थ असतो हा प्रश्न त्याने मिटत नाही. अनुवादांनी त्यात भर घातली. टेलेमाकसच्या तोंडी ग्रीकमध्ये त्यांच्यासाठी केवळ स्त्रीलिंगी दर्शक शब्द आहे, ‘त्या’ एवढाच. विसाव्या शतकातल्या काही नामवंत इंग्रजी अनुवादांनी तिथे बाजारबसव्या बायकांसाठीच्या शिव्या घातल्या. एमिली विल्सन यांनी २०१७च्या अनुवादात त्या काढून टाकल्या आणि या मुली गुलाम होत्या हे स्पष्ट लिहिले. त्याआधी २००५ साली मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी ‘द पेनेलोपिअड’मध्ये या बाराजणींचा कोरस रचला होता.

कोवळ्या वयातल्या मुलांना फाशी कशाला दाखवायची, असे म्हटले जाईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतला असता, जर त्याच प्रकल्पांत सायक्लॉप्सच्या डोळ्यात तापलेला खांब घुसताना दाखवला नसता. माणसे आपटून खाल्ली जातात, ती चित्रे मुले चवीने काढतात. तेव्हा गाळलेली गोष्ट क्रौर्य नाही. नायकाच्या घरात, नायकाच्या हुकमाने, नायकाच्या मुलाच्या हातून झालेले क्रौर्य तेवढे गाळले जाते.

एक मोठा प्रकल्प

हे सारे एका मोठ्या कामावर पारखून पाहू. पोर्टोरिकोचे तरुण संगीतकार होर्हे रिव्हेरा-हेर्रान्स यांनी अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ‘ओडिसी’वर संगीतिका लिहायला घेतली. पुढे टिकटॉकवर तिच्या जडणघडणीचे तुकडे ते दाखवत गेले. ‘एपिक’ या नावाने नऊ भागांतली चाळीस गाणी २०२२च्या नाताळपासून २०२४च्या नाताळपर्यंत टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. जगभरच्या पोरांनी त्यांवर चित्रे काढली, हलती चित्रे केली. विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झालेले ‘ओडिसी’चे इतके ऐकले गेलेले पुनर्कथन अलीकडच्या काळात दुसरे दिसत नाही.

त्याचे यश मोठे आहे ते सोबत्यांच्या बाबतीत. होमरकडे पॉलिटीसला फार थोड्या ओळी आहेत. इथे तो दयेचा पुरस्कर्ता होतो आणि सायक्लॉप्सच्या हातून मरतो. युरिलोकस तर ओडिसिअसचा खरा प्रतिवादी बनतो. सिलाच्या खाडीत सहा माणसे जाणार हे ओडिसिअसला सर्सीकडून कळलेले असते आणि तो ते खलाशांपासून लपवतो. हा होमरचाच प्रसंग. ‘एपिक’मध्ये मात्र लपवणाऱ्याला जाब विचारणारा माणूस समोर उभा राहतो. लिबेनियसच्या वर्गात हा पाठ पहिला आला असता.

किंमत मात्र दुसरीकडे मोजली आहे. होमरकडे अकरा जहाजे लेस्ट्रिगोनियन नरभक्षक बुडवतात. खलाशांची काही चूक नाही; जहाजे ज्या बंदरात शिरली ते बंदर वाईट होते. ‘एपिक’मध्ये हा संहार पोसायडन करतो, आणि तो ओडिसिअसने सायक्लॉप्सला जिवंत सोडल्याचे फळ ठरतो. अर्थशून्य मरणाला अर्थ मिळाला आणि दया विरुद्ध निर्दयता असे एक सूत्र चाळीस गाण्यांना मिळाले. नाट्य म्हणून हे पक्के आहे. पण युद्धातून परतणाऱ्यांपैकी बहुतेकजण कोणत्याही सूत्राविना मरतात, हे होमरचे कठोर ज्ञान त्यात विरघळून गेले.

शेवटाकडे तडजोड अधिक दिसते. होमरचा ओडिसिअस सर्सीकडे वर्षभर सुखाने राहतो. इथे तो बायकोच्या आठवणीने तिला नकार देतो. आणि इथाकात मागणीदारांचा म्होरक्या पेनेलोपीवर बलात्काराचा बेत बोलून दाखवतो, म्हणजे पुढच्या कत्तलीला ऐकणाऱ्याची पूर्ण संमती मिळते. होमरकडे ज्यांच्यावर बळजबरी होते त्या दासी आहेत. ‘एपिक’ने बळजबरीचे भय उचलून राणीच्या वाट्याला दिले आणि दासींना कथेबाहेर ठेवले. बारा फाशी उरत नाहीत. शेवटी नवरा-बायको भेटतात, आपण काय काय केले ते नवरा कबूल करतो, पलंगाची परीक्षा होते, आणि ते गाणे खरोखर सुंदर आहे. पण कबुलीजबाबातली सर्वांत अवघड नोंद आधीच खोडलेली असते. निर्दयतेवर रचलेल्या संगीतिकेने मूळ काव्यातल्या सर्वांत निर्दय कृत्याला हात लावू नये, हा मला तिच्यातला मोठा दोष वाटतो.

तिसऱ्या पाठाची आठवण

जुन्या वर्गात तीन पाठ होते : आपल्या शब्दांत सांगा, पात्राच्या तोंडून सांगा, आणि ही गोष्ट संभवते का ते तपासा. आजच्या प्रकल्पांत पहिला भरपूर आहे, दुसरा बऱ्यापैकी आहे, तिसरा जवळजवळ नाही. जो फरक मी सुरुवातीला म्हणालो तो हाच. अपवाद खटल्याच्या प्रकल्पाचा. तिथे निदान साक्षीदार बोलवावे लागतात. मात्र तो खटला बहुधा सायक्लॉप्स विरुद्ध ओडिसिअस असा चालतो, आणि न्यायालय इथाकात भरत नाही. चोवीसपैकी बारा सर्ग, म्हणजे निम्मे महाकाव्य, इथाकाच्या भूमीवर घडते हे ध्यानात घेतले तर ही उणीव लहान नाही.

शिक्षकांनी मुलांपुढे तीन प्रश्न ठेवले तरी पुष्कळ होईल. ही गोष्ट कोण सांगतो आहे? कोणाला? आणि सांगून त्याला काय मिळणार आहे? साधन कोणतेही चालेल, पुठ्ठा असो की संगणक. मूळ ग्रीक येण्याचीही अट नाही. मी स्वतः दोन-तीन इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवूनच ‘ओडिसी’ वाचली. त्यांतला १९४६चा गद्यानुवाद, पेंग्विन क्लासिक्स मालेचे पहिले पुस्तक, ई. व्ही. र्‍यू यांचा, तरुणपणी, १९१२ साली, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेचे काम हाती घेतलेले हे गृहस्थ. सामान्य वाचकाला समजेल असा होमर द्यायचा हा त्यांचा ध्यास होता आणि त्यावर माझ्यासारखे कितीतरी वाचक पोसले गेले. अनुवादांत जिथे फरक पडतो तिथे काहीतरी दडलेले असते, एवढे कळायला पदवी लागत नाही.

विषय हवा असेल तर विसाव्या सर्गात एक तयार आहे. कत्तलीच्या दिवसाची पहाट. ओडिसिअस झ्यूसकडे शकुन मागतो. जवळच जात्यांची खोली आहे, तिथे बारा बायका घरासाठी धान्य दळतात. अकराजणींचे दळण संपले, त्या झोपल्या. एक उरली आहे, सगळ्यांत अशक्त, तिचे दळण अजून संपलेले नाही. निरभ्र आभाळात गडगडाट होतो. ती जाते थांबवते आणि म्हणते की ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे मोडले, त्यांचे आजचे जेवण शेवटचे ठरो. ओडिसिअसला शकुन मिळतो, तो खूश होतो, आणि महाकाव्य पुढे जाते. तिचे नाव होमर सांगत नाही. मागणीदार मेले, त्यानंतर तिचे दळण कमी झाले का, हेही तो सांगत नाही. फाशी गेलेल्या बाराजणी तिच्याच घरातल्या, त्यांना ती ओळखत असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा जात्यावर बसली असेल, तेव्हा ती काय म्हणाली असेल?